जाणता माणूस हातचे का राखतो?

धागाकर्ता, जळगाव
डाळ मिलमध्ये तुरीला तेल-पाणी किती लावायचे आणि ती किती वाळली म्हणजे साल सुटेल, हे जुना मिस्त्री दाणा दाताखाली फोडून ठरवतो. नव्या पोराने विचारले, तर ‘करता करता समजी जाई’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. माझ्या मते यामागे स्वभाव नसून भीती आहे. आपल्यालाच येणाऱ्या गोष्टीच्या जोरावर आपली जागा टिकून आहे, असे ज्याला वाटते, तो ती गोष्ट दुसऱ्याच्या हाती कशाला देईल? मालक यावर बक्षिसाचा उपाय काढतात. पण कोरियातील व्यवस्थापकांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बक्षिसाची अपेक्षा ज्ञान वाटण्याच्या वृत्तीला मारकच ठरल्याचे दिसले होते.

प्रतिसाद, भुसावळ
असहमत. कचेरीतल्या व्यवस्थापकांचा निष्कर्ष तुम्ही थेट मिलमध्ये आणून ठेवलात. इथे पोत्यामागे मजुरी असते आणि शिकवण्यात गेलेला वेळ कामगाराच्या खिशातून जातो. त्या वेळेचे पैसे द्या, मग भीती किती उरते ते पाहू.

धागाकर्ता
पोत्यामागे मजुरी हमालांना मिळते. मी म्हणतो तो मिस्त्री महिनेवारी पगारावर आहे आणि स्वतःच्या भाच्याला त्याने एका हंगामात तयार केले. म्हणजे वेळ होता, भरवसा नव्हता.

प्रतिसाद, धुळे
तुम्ही दोघेही कामगारालाच धरून बसला आहात, वरच्यांचे काय? एका कार्यालयात ज्या लिपिकाने हिशेबातली चूक आपणहून कळवली, त्याच्याच हाती ‘कारणे दाखवा’ नोटीस पडली, आणि पुढे तिथले सगळेच वेड पांघरून पेडगावला जाऊ लागले. एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयांतील औषधांच्या चुकांवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद उलट जास्त आढळली, कारण तिथे चूक बोलून दाखवण्याची मोकळीक होती. साहेब ऐकून काय करतो, यावर सगळे ठरते. बक्षीस आणि मजुरी हे नंतरचे प्रश्न.

प्रतिसाद, भुसावळ
साहेबांविषयी दुमत नाही. पण धागाकर्त्यांनी दिलेले भाच्याचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. दाणा किती कडक हवा, हे सांगून कळत नाही, शेजारी उभे राहूनच कळते. त्यामुळे ‘करता करता’ हे मिस्त्रीचे उत्तर मला टाळाटाळीचे वाटत नाही. भाचा हंगामभर त्याच्याजवळ होता. नव्या पोराला तेवढे दिवस पगार देऊन नुसते पाहू देणारा मालक तुमच्या एमआयडीसीत कोण आहे?