मदत हवी आहे: टर्मिनलवरून मराठी पट्टी छापताना अक्षरं फुटतात, रकाने हलतात

हळदकांडी

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशोब बघते. माल हळद आणि बेदाणा. सौदे उरकले की संध्याकाळी शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदासाठी, काउंटरला उभे राहतात आणि प्रत्येकाला गावाकडची एसटी गाठायची असते. एकेक फाईल उघडून माउसनं प्रिंट देत बसायला सवड नाही.

कॉम्प्युटरवर डेबियन (लिनक्स) आहे. आधीच्या दिवाणजींच्या मुलानं एक छोटी स्क्रिप्ट करून दिलेली. नोंदी सीएसव्ही फाईलमध्ये, ऑक त्यातून पट्टी तयार करतं, पीआर पानं पाडतं आणि एलपी ती प्रिंटरला देतं. एक आज्ञा, एक एंटर, की डॉट मॅट्रिक्सवर कार्बन घालून तीन प्रती. फक्त सगळं इंग्रजी अक्षरात.

आता डॉट मॅट्रिक्सचं हेड गेलं. शेठनी लेझर आणला आणि वर सांगितलं, पट्टी मराठीतच निघाली पाहिजे. खरं आहे म्हणा, शेतकऱ्याची पट्टी शेतकऱ्याला वाचता नको का यायला?

नावं, गावं मराठीत भरली. पडद्यावर ठीक दिसतं. कागदावर मात्र 'मिरज'ची वेलांटी म च्या मागं जाऊन बसते, 'आष्टा'तला ष्ट सुटा होतो आणि काही ठिकाणी नुसते चौकोन येतात. रकान्यांचं तर विचारूच नका. 'जत'च्या ओळीत दर जिथं येतो, 'आष्टा'च्या ओळीत तो कितीतरी अलीकडे सरकतो. आणि सगळ्यात तापदायक म्हणजे पान भरून पट्टी असली की शेवटच्या तीन ओळी पुढच्या पानावर जातात. त्यातच 'निव्वळ देय' असतं! पहिलंच पान उचलून माणूस निघाला तर त्याच्या हातात नुसती हमाली, तोलाई आणि उचल.

स्क्रिप्टमध्ये पीआरला ७२ हा आकडा दिलेला दिसतो. तो कशाचा, कुणाला माहीत आहे का?

पेठभाग

विंडोज टाका, एक्सेलमध्ये पट्टी करा, विषय संपला. कशाला डोक्याला ताप?

हळदकांडी

दादा, एक्सेलमध्ये एका पट्टीला किती क्लिक लागतात ते गर्दीच्या वेळी येऊन मोजा. चहा माझ्याकडून.

किल्ल्याखाली (सातारा)

ताई, तिन्ही दुखणी वेगळी आहेत, औषध मात्र एकच निघेल. (इथं आज्ञा उच्चारानं लिहितोय, टर्मिनलवर अर्थात इंग्रजीत टाका.)

७२ चं आधी. तुमचा जुना कागद जोडकागद असणार, १२ इंच उंचीचा. इंचाला ६ ओळी, म्हणून ७२. पीआरला काही सांगितलं नाही तर ते ६६ धरतं, तो हिशोब ११ इंची कागदाचा. ज्यानं स्क्रिप्ट केली त्याला हे नीट माहीत होतं, पोरगं हुशार. आता लेझरमध्ये ए४ आहे. उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे ७० ओळी. वरखाली अर्धा अर्धा इंच समास सोडला की ६४. पीआर ७२ पैकी वरच्या ५ आणि खालच्या ५ ओळी स्वतःकडे ठेवतं, म्हणजे तुमचा मजकूर ६७व्या ओळीपर्यंत जातो. ६५, ६६, ६७ या तीन ओळी पुढच्या पानावर. सापडलं तुमचं निव्वळ देय.

आता रकाने. ऑकमध्ये 'गावाला २० जागा' असं काहीतरी लिहिलेलं असेल. डेबियनबरोबर येणारं ऑक म्हणजे मॉक नावाचा ऑकचा प्रकार, ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. 'जत' ६ बाइट, वर १४ मोकळ्या जागा. 'आष्टा' दिसायला दोन अक्षरं, पण आत आ, ष, हलंत, ट, काना अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. त्याच्या वाट्याला मोकळ्या जागा ५ च. बॅशच्या प्रिंटएफचीही हीच तऱ्हा. गॉक हा ऑकचा दुसरा प्रकार टाकलंत तर ते चिन्हं मोजेल, तरी वेलांटी-काना वेगळे धरले जाणारच आणि रकाने थोडे हलणारच. मराठीत स्पेस मारून रकाने जुळवायचा नाद सोडा.

वेलांटीचं कारण असं की साधी मजकूर फाईल एलपीला दिली की कप्स, म्हणजे लिनक्समधली छपाई सांभाळणारी यंत्रणा, स्वतः तिचं पान बनवतं, आणि ते एकामागून एक चिन्हं मांडत जातं. जोडाक्षर घडवणं, वेलांटी अक्षराच्या अलीकडे नेणं हे काम तिथं होत नाही. पडद्यावर ते होतं, म्हणून तिथं ठीक दिसतं. तेव्हा कप्सला मजकूर द्यायचाच नाही, तयार पीडीएफ द्यायची.

वारणाकाठ

लिबरऑफिसनं होईल की. सॉफिसला डॅश डॅश हेडलेस, डॅश डॅश कन्व्हर्ट-टू पीडीएफ आणि फाईलचं नाव. खिडकी न उघडता पीडीएफ पडते. मी आमच्या सोसायटीच्या नोटिसा अशाच काढतो.

हळदकांडी

वारणाकाठ दादा, करून बघितलं. पीडीएफ पडली नाही आणि चूकही दाखवली नाही. आज्ञा गपचूप परत आली.

वारणाकाठ

दुसऱ्या खिडकीत रायटर उघडा असेल. दोघं एकच प्रोफाईल वापरतात म्हणून असं होतं. रायटर बंद करून बघा, नाहीतर आज्ञेत वेगळ्या प्रोफाईलचा फोल्डर द्या.

किल्ल्याखाली (सातारा)

नोटिशीला ठीक आहे. दर पट्टीला अख्खं ऑफिस जागं करायचं म्हणजे दाढी करायला न्हाव्याचं दुकान घरी आणल्यासारखं. मी सुचवतो ते वीझीप्रिंट. डेबियनच्या भांडारात आहे, एचटीएमएल द्या, पीडीएफ घ्या. अक्षरजुळणीसाठी ते पँगो ही लायब्ररी वापरतं, त्यामुळे आष्टा आष्टाच राहतं.

तुमचं ऑक तेच ठेवा. फक्त मोकळ्या जागा छापण्याऐवजी प्रत्येक नोंद टेबलच्या ओळीत आणि प्रत्येक आकडा त्याच्या खणात टाकायला लावा. आकड्यांचे खण उजवीकडे टेकवा. पानाचा आकार वर स्टाइलमध्ये एकदाच सांगायचा, ए५ आडवा, समास १० मिलिमीटर. टेबलचं डोकं थेड या एचटीएमएल टॅगमध्ये घातलंत तर लांबलेल्या पट्टीत ते पुढच्या पानावर आपोआप परत येतं. हमालीपासून निव्वळ देयपर्यंतच्या ओळींचा एक गट करा आणि त्याला 'आत पान तोडू नको' असं सांगा. मग देय एकटं पडणार नाही, गेलं तर वजावटीला सोबत घेऊन जाईल.

दोन गोष्टी राहू देऊ नका. फाईलच्या डोक्यावर मेटा चारसेट यूटीएफ-८ हवंच. आणि व्यापाऱ्याच्या नावात & असेल तर ते एचटीएमएलला जसंच्या तसं देऊ नका, ऑकमध्येच बदलून घ्या. अडत पेठेत 'आणि सन्स' वाले कमी नाहीत!

चौकोन येतात म्हणजे फाँट नाही. एफसी-लिस्टला लँग बरोबर एमआर विचारा, मराठी येणारे फाँट दाखवील. यादी रिकामी आली तर नोटो किंवा लोहित टाका.

हळदकांडी

निघाली! वेलांटी जागेवर, रकाने सरळ, देय वजावटीच्या खाली. शेठनी पट्टी उजेडात धरून दोनदा वाचली आणि म्हणाले, आकडे पण मराठी करा की. घ्या. सेड या अक्षरं बदलणाऱ्या आज्ञेनं इंग्रजी आकड्यांचे मराठी करायला गेले. टर्मिनलवरून चालतं, पण डेस्कटॉपवरच्या बटणावरून तीच स्क्रिप्ट चालवली की सेड म्हणतं दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाही. दहाला दहा आहेत की!

आणि एक. लेझरला कार्बन चालत नाही. तीन प्रतींसाठी एलपीआरला डॅश एन ३ दिलं तर ते ऐकत नाही.

किल्ल्याखाली (सातारा)

सेडला बटणावरून मराठीचं वातावरण मिळत नाही, म्हणून तेही बाइट मोजायला लागतं. एकीकडे १०, दुसरीकडे ३०. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत लँग हे व्हेरिएबल एमआर-इन यूटीएफ-८ असं एक्सपोर्ट करा. ते लोकेल (भाषेची मांडणी) मशीनवर तयार नसेल तर आधी डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स. पण आकडे बदलायचे ते एचटीएमएल झाल्यावर नाही, ऑकमध्ये खण भरतानाच. नाहीतर स्टाइलमधल्या १० मिलिमीटरचेही '१०' होतील आणि समास बिघडेल.

प्रतींचं म्हणाल तर एलपी आणि एलपीआर हे दोन वेगळ्या घराण्यांचे. एलपी सिस्टिम फाइव्हचं, एलपीआर बर्कलीचं. कप्सला दोन्ही चालतात, पण खुणा वेगळ्या. एलपीला प्रिंटर डॅश लहान डीनं, प्रती डॅश एननं. एलपीआरला प्रिंटर डॅश मोठ्या पीनं, प्रती डॅश आणि # नं. घोळ असा की एलपीमध्ये मोठा पी म्हणजे पानांचे क्रमांक. कुठलं तरी एकच धरा. मी एलपी धरतो. तीन प्रती आणि जोडीला ओ कोलेट बरोबर ट्रू, म्हणजे दोन पानी पट्टीचे संच लागोपाठ निघतील, पानं वेचत बसायला नको.

कागद वाचवायचा असेल तर पीडीएफजॅमला एनअप १ गुणिले २ आणि ए४ सांगा. एका उभ्या ए४ वर दोन पट्ट्या, एकाखाली एक. मधून कटर मारला की झालं.

पेठभाग

एवढं सगळं करण्यापेक्षा... जाऊ दे. ताई, तुमच्याकडे लाईट गेली तर काय करता? आमच्याकडे लाईट आल्यावर प्रिंटर मुका होतो, नाहीतर जुनंच परत छापत सुटतो.

किल्ल्याखाली (सातारा)

हा प्रश्न बरा काढलात. लाईट आली की आधी एलपीस्टॅट डॅश ओ करून रांगेत काय अडकलंय बघा. शेतकरी पट्टी घेऊन गेला असेल तर ते काम कॅन्सलनं काढा, नाहीतर त्याच नावाची दुसरी पट्टी कुणाच्या तरी हातात जाईल. मग एलपीस्टॅट डॅश पी. तिथं प्रिंटर डिसेबल्ड दिसला तर कप्सएनेबल आणि प्रिंटरचं नाव. बंद-चालू करून तो उठत नाही, कारण बंद प्रिंटर नसतो, रांग असते.

हळदकांडी

हे दोन्ही स्क्रिप्टच्या सुरुवातीला घालून ठेवते, रांग आपसूक तपासली जाईल. कॅन्सल मात्र विचारून करायला लावते, शेठ असताना विशेषतः. धाग्याला 'सुटलं' असा शिक्का मारतेय. सीएसव्ही कशी ठेवली आणि ऑक कसं बदललं ते कुणाला हवं असेल तर नावं-रकमा काढून नमुना खाली चिकटवते.