कळांची जाम भीती वाटतेय, मनाची तयारी कशी करायची?

भित्री_भागूबाई
३४ वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. रिपोर्ट सगळे चांगले, बाळाचं डोकं खाली, डॉक्टर म्हणतात नॉर्मल व्हायला काहीच अडचण दिसत नाही. अडचण माझ्या डोक्यात आहे. मी रक्त काढतानासुद्धा तोंड फिरवून भिंतीकडे बघणारी बाई आहे हो. रात्री तीनला बाथरूमला उठते, मग झोप येत नाही म्हणून मोबाईल घेते, मग डिलिव्हरीचे व्हिडिओ समोर येतात आणि ते बघून उरलीसुरली झोप पण जाते. ऑफिसातली एक जण म्हणाली वीस हाडं एकदम मोडल्यासारखं दुखतं, दुसरी म्हणाली काही नाही गं बाळ बघितलं की सगळं विसरतो, आता यातलं खरं काय धरायचं? नवऱ्याला सांगितलं तर "होईल गं नीट" एवढंच, त्याचं काय जातंय म्हणायला.
मला नॉर्मलच हवंय मनापासून, पण मधेच वाटतं की आपणच सांगून टाकावं सीझर करा म्हणून. श्वासाचे व्यायाम वगैरे खरंच उपयोगी पडतात का नुसतंच आपलं मनाचं समाधान? आणि एक लाजिरवाणं विचारते, मी खूप ओरडले किंवा जोर लावताना शी झाली तर? हसू नका प्लीज.

दोनदा_जाऊन_आलेली
हसत नाहीये, माझी पहिल्या वेळची यादी अगदी हीच होती. दोन्ही नॉर्मल झाल्या माझ्या आणि दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक होता, त्यात कळा कमी जास्त असण्यापेक्षा माझा अडाणीपणा कमी झाला होता हे मोठं कारण असं मला वाटतं.

पहिल्या वेळी रात्री अकराला बारीक बारीक कळा चालू झाल्या आणि मी सगळं घर उठवलं. प्रत्येक कळेची वेळ लिहून ठेव, येरझाऱ्या घाल, बॅग तीनदा उघडून बघ, असं करत सकाळ केली. दवाखान्यात गेलो तर गर्भपिशवीचं तोंड जेमतेम २ सेमी उघडलेलं. म्हणजे खरं काम चालू व्हायच्या आधीच मी रात्रभर जागून दमून बसले होते, आणि दमलेल्या माणसाला दुखतं जास्त, हे कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी तशाच कळा आल्या तेव्हा दिवा बंद केला, कुशीवर झाले आणि डुलक्या काढल्या. पोटभर झोप नाही लागत पण पडून राहिलं तरी चालतं.

आता कळ कशी असते ते सांगते, कारण मला वाटायचं की एकदा दुखायला लागलं की बाळ बाहेर येईपर्यंत सलग दुखतच राहतं. तसं नाहीये!! माझी कळ कमरेच्या मागून सुरू व्हायची, दोन्ही बाजूंनी पुढे येऊन ओटीपोट आवळायची, चढत चढत टोकाला जायची आणि मग उतरायची. मिनिटभराचा खेळ. मी मोजले होते, सावकाश घेतले तर नऊ श्वास. पाचवा सगळ्यात वाईट, सहाव्याला उतरायला लागतेय हे कळायचं, आणि हे एकदा कळलं की पाचवा पण निघतो. आणि मधल्या वेळात काहीच दुखत नाही, खरंच काही नाही, मी मधे नवऱ्याला गॅस बंद केलास का म्हणून विचारत होते. शेवटी शेवटी मधला वेळ अगदी मिनिट दोन मिनिटांवर येतो तेव्हा मात्र गॅसबिस सुचत नाही.

एक युक्ती, जबडा सैल सोड. दात आवळले की खालचं पण सगळं आवळून धरतो आपण, आत्ता बसल्या जागी करून बघ. मी ओठ सैल सोडून घोड्यासारखं फुर्रर करायचे. दिसतं विचित्र, पण तेव्हा आरसा बघायला कोण जातंय.

नुकतीच_आई
शी ची भीती मला पण होती. झाली. नंतर नवऱ्याने सांगितलं म्हणून कळलं, सिस्टरनी कधी पुसलं ते पण समजलं नाही. पुढचा प्रश्न विचार 😄

लेबर_रूमवाली
चौदा वर्षं लेबर रूममध्ये ड्युटी करतेय म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

आधी ते वीस हाडांचं. कळांचं दुखणं हाडांत मोजायचं असं कुठलंही माप नाही, कुणीतरी मेसेज बनवला आणि तो फिरतोय. एकाच दिवशी शेजारशेजारच्या टेबलवर एक जण दात ओठ खात असते आणि दुसरी डोळे मिटून शांत पडलेली असते, त्यामुळे दुसरीचं ऐकून आपला अंदाज बांधूच नये.

आता भीती आणि दुखणं यांचा संबंध. हा नुसता मनाचा खेळ नाही, शरीरात खरंच घडतं. घाबरलं की ॲड्रेनलिन नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं, अंग ताठ होतं, श्वास वरवर होतो, आणि ताठ अंगाला तीच कळ जास्त लागते, मग भीती अजून वाढते. सुरुवातीच्या टप्प्यात खूप घाबरलेल्या बाईच्या कळा मंदावलेल्या पण मी बघितल्यात, कारण कळा आणणारं ऑक्सिटोसिन शांतपणात नीट काम करतं. ब्रिटनमधल्या ग्रँटली डिक रीड नावाच्या डॉक्टरांनी हे भीती, ताण, दुखणं असं चक्र १९३० च्या दशकातच मांडलं होतं. पुढे फ्रान्सचे डॉक्टर फर्नांद लामाझ १९५१ मध्ये सोव्हिएत युनियनमध्ये तिथली पद्धत बघून आले आणि श्वासाच्या तयारीचे वर्ग लोकप्रिय झाले, तेच आजचं लामाझ. तर श्वासाने दुखणं गायब होत नाही, तसं कोणी सांगत असेल तर सोडून दे, पण तू त्या चक्रात फिरत बसत नाहीस. फक्त भराभर फुसफुस श्वास घेऊ नकोस, बोटांना मुंग्या येतात आणि चक्कर येते. नाकाने आत, तोंडाने बाहेर, बाहेरचा लांब.

ओरडण्याचं म्हणशील तर ओरड. आम्हाला सवय असते. पण वरच्या पट्टीत किंचाळलं की गळा आणि खांदे आवळतात आणि दम जातो, त्यापेक्षा खालच्या आवाजात ऊऊऊ असं लांबवलं की अंग सैल राहतं.

वेळेचं पण डोक्यात घालून ठेव. पिशवीचं तोंड १० सेमी उघडायचं असतं. ५ सेमीपर्यंत किती वेळ लागेल याला काही नेम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलंय की खरा जोराचा टप्पा ५ सेमीपासून धरायचा, पहिलटकरणीला तो बहुतेक वेळा १२ तासांच्या आत आटपतो, आणि तासाला १ सेमी उघडलंच पाहिजे हा जुना हिशोब प्रत्येकीला लावायचा नाही. त्यामुळे कोणी तपासून "अजून ४ च" म्हटलं तर नापास झाल्यासारखं रडू नकोस. आणि साधारण ८ च्या पुढे एक वेळ येते, अंग थरथरतं, कधी उलटी होते, आणि बाई म्हणते मला घरी जायचंय, माझ्याच्याने आता होणार नाही. हे वाक्य ऐकलं की आम्ही मनात म्हणतो, चला, जवळ आली. तुझ्या तोंडून ते निघेल तेव्हा हे आठव.

व्हिडिओ रात्री तीनला तर मुळीच बघू नकोस. बघायचेच तर दिवसा, कोणाबरोबर तरी, शांत डिलिव्हरीचा एखादा बघ आणि बंद कर.

तुझे आत्ता ३४ आठवडे आहेत म्हणून हेही लिहिते. ३७ च्या आधी ठरावीक अंतराने कळा आल्या, पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा पोट सैल न पडता सतत दुखत राहिलं तर श्वासबिस करत घरी थांबायचं नाही, सरळ निघायचं. पूर्ण दिवस भरल्यावर पहिल्या खेपेला साधारण दर ५ मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघतात, पण दवाखाना किती लांब आहे त्यावर तुझे डॉक्टर वेगळं सांगू शकतात. आणि हो, भीतीने रोजची झोप उडत असेल, सतत रडू येत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. बाळंतपणाची टोकाची भीती असते काही जणींना, त्यावर समुपदेशन मिळतं.

बाबा_झालो_एकदाचा
ताई, तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या. "होईल नीट" मी पण म्हणायचो, दुसरं काय म्हणायचं ते माहीत नव्हतं हो.

माझ्या चुका सांगतो. मॉनिटरवर रेघ वर जाताना दिसते ना, मी उत्साहाने तिला सांगायचो "आता येतेय बघ". चौथ्या वेळी ती म्हणाली "मला माहितेय!" आणि ज्या नजरेने बघितलं ते मी विसरणार नाही. दुसरी चूक, कळ चालू असताना प्रश्न विचारायचो, पाणी देऊ का, पंखा लावू का, उशी हवी का. कळ असताना काहीच विचारायचं नाही. उतरली की न विचारता पाण्याची बाटली स्ट्रॉसकट तोंडाजवळ धरायची, हवं असेल तर पिते.

कामाला आलं ते एकच. तिला सगळं पाठीत दुखत होतं, बाळाची पाठ तिच्या पाठीकडे होती म्हणून असं सिस्टर म्हणाल्या. त्यांनीच दाखवलं, माकडहाडाच्या वर तळहाताचं बूड ठेवून कळ संपेपर्यंत दाबून धरायचं, चोळायचं नाही. ती पलंगावर हात टेकून पुढे वाकून उभी आणि मी मागून दाबतोय, असे किती तास गेले देव जाणे, दुसऱ्या दिवशी माझं मनगट धरलं होतं. हे आधी घरी दाबून बघा म्हणजे कुठे आणि किती जोर लावायचा ते कळतं. आणि लेबर रूममध्ये सोबत कोणाला घेतात का हे आत्ताच विचारून ठेवा, काही ठिकाणी नाही घेत.

प्लॅन_बी
मी जरा वेगळं बोलते, चालेल ना. मी पण नॉर्मलच, बिनऔषधाचं असं ठरवून बसले होते. सगळं केलं, क्लास, चालणं, श्वास. १९ तास झाल्यावर ६ सेमीला एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते भुलीचं औषध) मागितलं, दोन तास मेल्यासारखी झोपले, आणि शेवटी बाळाचे ठोके उतरायला लागले म्हणून सीझर झालं. नंतर भेटायला आलेल्या एका बाईंनी "अगं तू तर नॉर्मल करणार होतीस ना" असं म्हटलं, ते टाक्यांपेक्षा जास्त दिवस दुखलं.

पण ती तयारी वाया गेली असं मला कधीच वाटलं नाही. एपिड्युरल देताना पाठ कमान करून अजिबात न हलता बसायचं असतं आणि नेमकी तेव्हाच कळ येते. तिथे तो श्वासच कामाला आला. ऑपरेशन टेबलवर पण तेच, हात थरथरत होते आणि मी आपले श्वास मोजत होते.

म्हणून सांगते, एपिड्युरल घ्यायचं नसेल तरी माहिती काढून ठेव. भूलतज्ज्ञ रात्री हजर असतात का, कधीपर्यंत देतात, घेतल्यावर उठून चालता येतं का (मला पाय जड झाले होते, पलंगावरच राहावं लागलं), एखादीला एका बाजूला नीट लागू पडत नाही तेव्हा काय करतात. दार आहे आणि ते कुठे आहे हे माहीत असलं तरी खोलीत कमी घुसमटायला होतं. आणि नुसत्या भीतीने सीझर मागायचं मनात असेल तर तेही डॉक्टरांशी उघड बोल, पण सीझर म्हणजे दुखत नाही असं समजून नको, ते दुखणं नंतर येतं एवढंच. पहिल्यांदा खोकला आला ना तेव्हा मला समजलं.

भित्री_भागूबाई
बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, डोळ्यात पाणी आलं वाचताना. मधेच ते घोड्याचं फुर्रर करून बघितलं, मांजर पळून गेली. श्वासाची प्रॅक्टिस घरी कशी करू पण? दुखतच नाहीये तर कळणार कसं जमतंय का?

दोनदा_जाऊन_आलेली
बर्फ. मुठीत बर्फाचा खडा धरायचा आणि मिनिटभराचा टायमर लावायचा. पहिल्या वेळी मुद्दाम घड्याळाकडे बघत, अंग आवळून धर. मग हात पुसून दोन मिनिटं थांब, दुसऱ्या हातात धर आणि आता जबडा, खांदे सोडून श्वास मोज. बर्फ तोच असतो, फरक तुझा तुला कळेल. मिनिटाच्या वर नको धरूस, उगाच हात बधिर व्हायचा. कळेच्या मानाने हे काहीच नाही हे खरं, पण नको वाटणाऱ्या गोष्टीपासून पळ न काढता मिनिटभर कसं थांबायचं ते अंगवळणी पडतं.

लेबर_रूमवाली
चांगली युक्ती. याच्या जोडीला ३४ आठवड्यांनंतर खालच्या जागेचा, म्हणजे योनीच्या तोंडाजवळचा मसाज करतात, आठवड्यातून एक दोनदा, पहिलटकरणींना टाके पडण्याचं प्रमाण त्याने थोडं कमी होतं. आधी डॉक्टरांना विचार, वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा इन्फेक्शन असेल तर करायचा नसतो. ताण बसताना सैल कसं सोडायचं याचीही त्यात सवय होते.

भित्री_भागूबाई
अपडेट देते. परवा बर्फ धरला. पहिल्या वेळी वीस सेकंदात सिंकमध्ये फेकला आणि नवऱ्यावर ओरडले, कारण त्याला हे सगळं वाचायला दिलं होतं तर तो मुद्दाम "आता येतेय बघ" म्हणाला. तिसऱ्या वेळी पूर्ण मिनिट झालं, माझे श्वास सातच बसतात, चौथा वाईट.
डॉक्टरांना विचारलं. सोबत एका माणसाला घेतात. भूलतज्ज्ञांना रात्री घरून बोलवावं लागतं, पाऊण तास धरून चाला म्हणाल्या, ते वहीत लिहून ठेवलं. शी चं पण विचारलं, त्यांनी मान वर न करता "होते" एवढंच म्हटलं आणि पुढचं लिहायला लागल्या.
काल रात्री तीनला उठलेच होते. पण मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता आणि आणायला जायचा कंटाळा आला.