‘पवित्र’, ‘सोवळे’ आणि ‘देवाला सोडलेले’

प्रश्न : एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या धर्मविषयक लेखनातील काही उतारे मी मराठीत आणत आहे. त्याच्या ‘साक्रे’ आणि ‘प्रोफान’ या जोडीसाठी ‘पवित्र’ आणि ‘अपवित्र’ हे शब्द सहज सुचतात, परंतु ते घातले की वाक्य भलत्याच दिशेला जाते. अधिक नेमके शब्द कोणते?

उत्तर : आधी दुसरा शब्द घेऊ, कारण तो सोपा आहे. अपवित्र म्हणजे विटाळलेले. दुर्खीमच्या मांडणीत ‘प्रोफान’ गोष्टीत काहीही दोष नसतो; नांगरट, बाजारहाट, रोजचा स्वयंपाक हे सगळे त्यातच मोडते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही ‘देवळाच्या समोरचे’, म्हणजे उंबऱ्याबाहेरचे, एवढाच आहे. तेथे ‘लौकिक’ हा शब्द निर्धास्तपणे वापरावा.

खरी अडचण ‘पवित्र’ची आहे. हा शब्द ‘पू’, म्हणजे शुद्ध करणे, या धातूपासून आलेला असून ऋग्वेदात सोमरस ज्या लोकरीच्या गाळणीतून गाळत तिला ‘पवित्र’ म्हटले आहे. श्राद्धाच्या वेळी अनामिकेत घालतात त्या दर्भाच्या वळ्याला आपण आजही ‘पवित्रक’ म्हणतो. म्हणजे गाळून निवळलेपण या शब्दाच्या पोटातच आहे. दुर्खीमने १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केलेली व्याख्या मात्र निर्मळपणाची नाही. जे वेगळे काढलेले आहे आणि ज्याच्याभोवती निषेधांचे कुंपण आहे ते ‘साक्रे’, असे तो म्हणतो. मध्य ऑस्ट्रेलियातील अरुंटा लोकांचे चुरिंगा हे त्याचे आवडते उदाहरण. या लाकडाच्या किंवा दगडाच्या वस्तू इतर लाकडादगडांसारख्याच असतात, फरक एवढाच की त्यांवर कुळाचे चिन्ह कोरलेले असते, आणि तेवढ्यावरून स्त्रियांना व दीक्षा न झालेल्या मुलांना त्यांना हात लावणे वर्ज्य ठरते.

या व्याख्येच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द ‘सोवळे’ हा आहे. धुतलेले धोतर काठीने उंच दांडीवर वाळत घातले आणि त्याला कोणाचा हात लागला नाही, तर ते सोवळे. खालच्या दोरीवर वाळलेले, तितकेच स्वच्छ धोतर मात्र ओवळे. पाणी तेच, ऊनही तेच. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जुन्या ब्राह्मणी वापरात केशवपन केलेल्या विधवेला ‘सोवळी’ म्हणत. तिने सोवळ्यात रांधलेला नैवेद्य देवाला चाले, पण मंगलकार्यात तिने समोर येऊ नये असा दंडक होता. वेगळे काढलेले ते शुभच असते असे नाही, हे दुर्खीमनेही सविस्तर मांडले आहे. आपल्याकडे जन्माचे सोयर आणि मृत्यूचे सुतक यांचे निषेध इतके सारखे का, याचे उत्तरही त्यातच असावे.

आक्षेप : ‘सोवळे’ शब्द परिभाषेत आणण्यास माझा विरोध आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर सनातनी मंडळींनी त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, ते याच शब्दाच्या जोरावर. दुर्खीमच्या व्याख्येचा उत्तरार्ध असा आहे की, पवित्र गोष्टींविषयीच्या श्रद्धा आणि आचार त्या मानणाऱ्या सर्वांना एका नैतिक समुदायात बांधतात. सोवळ्याने गाव बांधले की तोडले?

उत्तर : आक्षेप मान्य आहे. व्याख्या समजावण्यापलीकडे तो शब्द मी नेणार नाही. पण विशेषण शोधण्याच्या नादात आपण आपल्या क्रियापदांकडे काणाडोळा करतो, असे मला वाटते. नैवेद्याचे पान वेगळे ‘काढतात’, वळू देवाला ‘सोडतात’, लग्नघरी देवक ‘बसवतात’ आणि ते ‘उठेपर्यंत’ घरच्यांना सोयरसुतक लागत नाही. गणपतीचेच पाहा. मूर्तिकाराच्या फळीवर असताना तिचा भाव करता येतो, ती खालीवर, उलटसुलट करून पाहता येते. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर तीच मूर्ती जागची हलवायची नसते. आणि उत्तरपूजेत अक्षता वाहून ती किंचित सरकवली की विसर्जनासाठी उचलायला हरकत राहत नाही. मातीत काहीच फरक पडलेला नसतो. पावित्र्य हा वस्तूचा गुण नसून समाजाने वस्तूवर केलेली क्रिया आहे, हे फ्रेंचमध्ये पानेच्या पाने लिहून सांगावे लागले. मराठीत ते रोजच्या बोलण्यात आहे. म्हणून ‘वस्तू पवित्र असते’ असे न लिहिता ‘वस्तू वेगळी काढली जाते’ असे लिहावे.

‘मानला तर देव, नाही तर धोंडा’ ही म्हण मात्र या उताऱ्यांत वापरू नये. तिच्यातला मानणारा एकटा आहे, आणि दुर्खीमच्या मते एकट्याने मानून काही होत नाही. लोक एकत्र जमतात, भारावतात, आणि त्या भारावलेपणाची खूण म्हणून समोरच्या वस्तूला ते सामर्थ्य चिकटते. ध्वजासाठी प्राण देणारा सैनिक आणि १७८९ नंतर फ्रान्समध्ये पूजनीय ठरलेल्या मातृभूमी, स्वातंत्र्य, विवेक या कल्पना, ही उदाहरणे तो त्यासाठीच देतो. तेथे देवच नसल्यामुळे ‘देवाला सोडलेले’ चालणार नाही, आणि झेंड्याला सोवळे म्हणणे तर हास्यास्पदच होईल. त्या दोन उताऱ्यांपुरते ‘पवित्र’ राहू द्यावे, फक्त त्याच्यापुढे ‘असलेले’ऐवजी ‘ठरलेले’ लिहावे.