ब्लॅक अँड व्हाइट: चांगला देव व्हायचंय, पण गाय माणसं खातेय! मदत हवी आहे

रानपाखरू:
मंडळी, लायनहेडचा २००१ सालचा 'ब्लॅक अँड व्हाइट' हा देव बनून खेळायचा कॉम्प्युटर गेम कोणी खेळलंय का? पहिला भाग, दुसरा नव्हे. दुसऱ्या बेटावर पुरती अडकलेय.

क्रीचर, म्हणजे देवाचा पाळीव अवाढव्य प्राणी, म्हणून गाय घेतली, वाघ आणि माकडाच्या मानाने सोज्वळ वाटली म्हणून. तर ही बया भूक लागली की शेतात राबणारा माणूस उचलते आणि सरळ तोंडात टाकते. मी ओरडत पोचून चापट्या मारते तोवर ती दुसऱ्याच उद्योगाला लागलेली असते.

गावाचं तर विचारूच नका. कोठारावरचा अन्नाची गरज दाखवणारा झेंडा खाली यायचं नाव घेत नाही. अन्नाचा चमत्कार करायचा तर प्रार्थनेची शक्ती हवी, त्यासाठी टोटेम (किती माणसं पूजेला जातील ते ठरवणारा खांब) वर चढवावा तर निम्मं गाव पूजास्थळी नाचायला जातं. मग शेती कोण करणार? नाचणारेही उपाशीच. लेथिस या शत्रू देवाच्या एका गावाचा विश्वास जिंकायला तिथे धान्य ओतलं तेव्हा लोक खूश झाले होते, आता तेच ओतलं तर मान वर करून बघतसुद्धा नाहीत.

तो लाल सल्लागार कानाशी वाईट तेच सुचवत असतो आणि हल्ली मला त्याचं पटायला लागलंय. वाईट न होता हे बेट जिंकता येतं का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अवसेचा_चंद्र:
त्याचं ऐका की. एक माणूस वेदीवर टाकला की शक्तीच शक्ती, पोर टाकलं तर आणखी जास्त. शेजारच्या गावावर दोन आगीचे गोळे, की ते गाव तुमचं. देवळाला काटे फुटतात ते दिसतंही झकास. :)

जुना_गेमर:
चंद्र, पुढचं पण सांगा. देवाचा प्रभाव लोकसंख्या आणि घरांवर वाढतो. गाव जाळून जिंकलं की हाती राख येते आणि प्रभावाचं वर्तुळ एवढंसं. मी दोन्ही बाजूंनी खेळलोय. वाईट देवाला सुरुवात सोपी, नंतर माणसांचा तुटवडा.

रानपाखरू, आधी गाय. तुमचं चांगलं-वाईट आणि तिचं चांगलं-वाईट गेम वेगवेगळं मोजतो, त्यामुळे तुम्ही संत असलात तरी ती राक्षसीण होऊ शकते. शिक्षा तिने शेवटी जे केलं त्यालाच लागते. माणूस खाऊन ती शेताला पाणी घालायला लागली आणि तेव्हा चापट बसली, तर ती धडा घेणार की पाणी घालायचं नाही. तेव्हा ती भुकेली दिसली की शिकण्याची दोरी बांधून जवळच ठेवा, पुढ्यात धान्य किंवा मासे टाका आणि खाल्लं की लगेच गोंजारा. गेमचा एआय लिहिणाऱ्या रिचर्ड एव्हान्सने तिचा मेंदू असा बांधलाय की काय खावं, काय खाऊ नये हे ती तुमच्या गोंजारण्या-मारण्यावरून ठरवत जाते. नुसत्या माराने तिला 'हे नको' एवढंच कळतं, 'मग काय' ते कळत नाही.

वळण लागलं की मायेची दोरी घालून कोठाराला बांधा. अन्न आणि पाण्याचे चमत्कार तुम्ही तिच्यासमोर करत राहिलात तर बघून बघून तीही करायला लागते. निम्मं काम तिथेच हलकं होतं.

टोटेम तळाशी आणा, हवी तेवढीच माणसं पूजेला पाठवा आणि धान्य पूजास्थळीही टाकत जा. शेतावर पाण्याचा चमत्कार अन्नाच्या चमत्कारापेक्षा जास्त पुरतो. माणूस हलवताना अलगद ठेवा, भिरकावू नका.

लेथिसचं गाव: तेच ते दाखवलं की लोक कंटाळतात, म्हणून आलटून पालटून करा. आज धान्य, मग लाकूड, मग पाऊस.

रानपाखरू:
बाप रे, म्हणजे पाणी घालताना बसलेल्या चापट्यांचा हिशोब आहे हा! गाय हल्ली शेताकडे फिरकत का नाही ते आत्ता कळलं. आजपासून गोंजारणं सुरू. पण लेथिसचं दुसरं गाव माझ्या प्रभावाच्या वर्तुळाबाहेर आहे, तिथे हात पोचतच नाही. गायीला पाठवू?

जुना_गेमर:
पाठवा, क्रीचरला वर्तुळाची अडचण नसते. पण आत्ता नको. आत्ता पाठवलीत तर तिथलीच माणसं खाईल.

कोलांटीउडी:
गाय सुधारेपर्यंत आर्टिफॅक्ट करून बघा. एक मोठा दगड आपल्या गावाच्या मध्यावर ठेवून द्या. लोक त्याच्याभोवती नाचायला लागतात आणि काही काळाने तो तुमच्या रंगात चमकू लागतो. तोवर घरं वाढवत वर्तुळ त्या गावाला टेकवा आणि मग तोच दगड तिथे नेऊन ठेवा. चमत्कार न करता विश्वास वाढतो, शक्तीही खर्च होत नाही. आणि खाझार, म्हणजे बेटावरचा मित्र देव, मदत करतोय तोवर करून घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. का ते सांगत नाही, मजा जाईल.

अवसेचा_चंद्र:
गाय माणसं खायची थांबली की कळवा. नाहीतर वेदी आहेच.