मदत हवी आहे: चढावर म्हणता येतील अशी मातीची गाणी

पायी चालताना गटाने म्हणायला गाणी हवी आहेत, मातीशी नातं सांगणारी आणि थकल्यावर उभारी देणारी. सपाटीवर मिनिटाला साधारण १००-११० पावलं पडतात, लय तेवढीच लागते. त्याहून जलद झाली की पुढचे धावतात, मागचे तुटतात. केरव्यात (आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा ताल) सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दर वेळी एकाच पायावर येते. दादऱ्यात (सहा मात्रांचा ताल) तीन-तीन मात्रांमुळे जोर आलटूनपालटून दोन्ही पायांवर पडतो, लांब अंतराला तेच बरं. ओळ आठ पावलांत संपावी, नाहीतर श्वास पुरत नाही. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं, म्हणजे प्रत्येकाला दम घ्यायला मिळतो.

खरी अडचण चढाची. पावलं मंदावतात आणि तीच गाणी रडकी वाटू लागतात. संथ लयीतही जोम टिकवणारी, तार सप्तकात (फार उंच सुरांत) न जाणारी कोणती गाणी सुचवाल? ठेकाही लिहा, प्लीज.