ट्रायएथिलअमाइन वापरल्यावर मिळालेला पांढरा अवक्षेप नेमका कशाचा?

प्रश्न:
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी १० मिलिमोल ॲनिलिनवर कोरड्या टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकात तितक्याच बेन्झॉइल क्लोराइडची अभिक्रिया केली आणि आम्लारी म्हणून ट्रायएथिलअमाइन घेतले. क्लोराइडचे पहिले थेंब पडताच फ्लास्कमध्ये दुधासारखा अवक्षेप आला. तो गाळून, वाळवून १.३ ग्रॅम भरला, म्हणून वहीत ६६ टक्के उत्पादन अशी नोंदही केली. परंतु अपेक्षित उत्पादन, म्हणजे बेन्झॅनिलाइड, १६३ अंशांच्या आसपास वितळायला हवे, आणि हा पदार्थ २०० अंशांनाही तसाच आहे. कुठे चुकले?

उत्तर १:
चिमूटभर पदार्थ पाण्यात टाकून पाहा; लगेच विरघळला, तर तो ट्रायएथिलअमाइनचा हायड्रोक्लोराइड क्षार आहे. अभिक्रियेत सुटणारे हायड्रोजन क्लोराइड हे अमाइन पकडते आणि त्याचा क्षार टीएचएफमध्ये जवळजवळ विरघळत नाही. १० मिलिमोलला तो १.३८ ग्रॅम भरतो, म्हणजे आपला आकडा त्याच्याशीच जुळतो. बेन्झॅनिलाइड फिल्टरखाली उतरलेल्या द्रावणात आहे. ते द्रावण फेकले नसावे, अशी आशा आहे!

प्रश्नकर्ता:
विरघळला. द्रावण सुदैवाने ठेवलेले आहे. पण मग साधे सोडियम हायड्रॉक्साइड का वापरू नये?

उत्तर २:
याच अभिक्रियेसाठी ते चालते. पाण्यातल्या आम्लारीत आम्ल क्लोराइडपासून अमाइड करण्याची शॉटेन–बाउमान पद्धत तीच आहे. मात्र पाण्याने चटकन फुटणारे आम्ल क्लोराइड असेल, तर निर्जल द्रावकात मिसळणारी आम्लारी लागते. आम्लारीच नसेल, तर निम्मे ॲनिलिन स्वतःचाच क्षार होऊन अडकते, कारण त्याच्या संयुग्मी आम्लाचा (प्रोटॉन जोडलेल्या रूपाचा) पीकेए ४.६ आहे (हा आकडा जितका मोठा, तितकी आम्लारी प्रबळ), तर ट्रायएथिलअमाइनच्या संयुग्मी आम्लाचा १०.७५ असल्यामुळे प्रोटॉन त्याच्याकडे जातो. ट्रायएथिलअमाइनच्या नायट्रोजनवर हायड्रोजन नसल्याने त्याचे स्वतःचे स्थिर अमाइड होत नाही.

उत्तर ३:
द्रावक उडवून उरलेला पदार्थ सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा, म्हणजे उरलेली दोन्ही अमाइने निघून जातील. नुसत्या पाण्यावर विसंबू नका: सुमारे १८ अंशांखाली ट्रायएथिलअमाइन पाण्यात पूर्ण मिसळते, त्यावर थर वेगळे होऊ लागतात, त्यामुळे थंडीतल्या सकाळी आणि दुपारी धुण्याचा परिणाम वेगळा दिसू शकतो. बाटली फ्यूम हूडमध्येच उघडा. सडक्या मासळीचा वास सहन होईलही, पण त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, आणि ती डोळ्यांत गेल्यास काही तास सगळे निळसर, धूसर दिसते.