‘केअरगिव्हर’ला मराठीत काय म्हणायचं?

आईला पार्किन्सन्स आहे, ४ वर्षं झाली मीच तिचं करतेय. परवा तपासणीला गेलो तर डॉक्टर म्हणाले, तुम्ही केअरगिव्हर आहात, तुमच्या तब्येतीकडेही बघा. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, याला आपला शब्द काय? काळजीवाहू तर सरकारला लावतात, परिचारिका म्हणजे पगारी नर्स. कुणीतरी सांगा.

अगं तू लिहिलंयस तोच की! ‘आईचं करतेय’. आमच्याकडे विचारतात ना, म्हातारीचं करायला कोण आहे, त्यात सगळं येतं, रात्री दर २ तासांनी उठून कूस बदलायची, पाठीला कुठं लाल झालंय का बघायचं, गोळ्या, बेडपॅन, भात मऊ करून भरवणं. तशीच उस्तवार, निगा, ‘सासूचं आजारपण काढलं’. पण ही सगळी कामाची नावं झाली, जी करते तिला वेगळं नाव नाहीच, ती नुसती सून नाहीतर मुलगी. मला हे फार लागतं.

शुश्रूषा शब्दाबद्दल थोडं. (पहिला शु ऱ्हस्व, दुसरा श्रू दीर्घ, बऱ्याचदा चुकतो.) मूळ संस्कृत धातू श्रु, म्हणजे ऐकणं, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकायची इच्छा, सेवा हा अर्थ त्यातनं आला. वडिलांना स्मृतिभ्रंश होता, शेवटी शेवटी विहिरीत पडलेल्या बैलाची एकच गोष्ट दिवसातनं वीसदा सांगायचे आणि मी दरवेळी ‘मग काय झालं?’ विचारायचो, तेव्हा हा अर्थ पटला.

ताई, शब्द आहे, शुभंकर. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ पेशंटला शुभार्थी आणि त्याचं करणाऱ्याला शुभंकर म्हणतं. मला आधी जड वाटला होता. मिसेसना घेऊन सभेला गेलो, तिथं एकानं मलाच विचारलं, शुभंकर कसे आहेत, झोप होते का? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं, मला बोलताच येईना. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आणि मनावर ताण आला तर टेलिमानस १४४१६, दोन्ही फोन हेल्पलाइन फुकट आहेत, लिहून ठेवा. टेलिमानसवर पेशंटबद्दलच बोलायला पाहिजे असं नाही, स्वतःबद्दलही बोलता येतं.

काका, खूप आभार. शुभंकर बाईलाही चालतो ना, का शुभंकरी म्हणायचं? रविवारी बहीण येणारे, ती आईजवळ थांबेल. सभा कुठं असते तेवढं कळवा.